धीरकाटा

मीटरचा काटा एक वेळ जास्त दाखवेल, पण कमी कधीच दाखवायचा नाही, हे एकनाथ वायाळांनी जन्मभर धरून ठेवलेलं सत्य होतं, आणि ते खरंही होतं. कायदाच तसा होता. गाडी ताशी शंभरनं धावत असेल तर काट्यानं शंभर दाखवावं, एकशे पाच दाखवावं, हवं तर त्याहूनही जरा जास्त दाखवावं. नव्याण्णव मात्र दाखवायचं नाही. माणसाला फसवायचंच असेल तर सावध करण्यासाठी फसवा, असा त्यामागचा सरळ हिशेब. त्यामुळे देशभरातले चालक काट्यातून मनातल्या मनात पाच-दहा वजा करत गाड्या हाकत आले. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे हे माहीत असलेली माणसं जशी निवांत चहा पितात, तसंच हे.

एकनाथ वायाळ मेहकर डेपोचे एसटी ड्रायव्हर. निम्मी नोकरी त्यांनी काटा बंद पडलेल्या गाड्यांवर काढली. इंजिनाचा आवाज, सीटखालची थरथर आणि बाहेरून पळणारी झाडं, एवढ्यावर त्यांचं भागायचं. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हा डेपो मॅनेजरनं त्यांच्या कौशल्याचं फार कौतुक केलं. घरी आल्यावर वायाळ म्हणाले, कौशल्य कसलं डोंबलाचं, मी भितो. ऐंशीच्या वर गाडी गेली की माझ्या पोटात गोळा येतो. बायको हसली होती. मुलगी प्रणिता तेव्हा लहान होती, तीही हसली होती.

पुढं बायको गेली, नोकरी संपली, आणि रस्ते बदलले. मेहकरजवळून जाणाऱ्या वेगमार्गावर वीजगाड्यांसाठी स्वतंत्र फास्ट लेन आली. तिच्यात ताशी दोनशेच्या पुढचा वेग, आणि एकशे ऐंशीच्या खाली यायला बंदी. गाड्या एकमेकींपासून जेमतेम तीस मीटरवर, माळेसारख्या धावायच्या. प्रणिता संभाजीनगरला एका वाहन कंपनीच्या संशोधन विभागात लागली होती. तिनं वडिलांना, म्हणजे अण्णांना, नवी गाडी घेऊन दिली आणि म्हणाली, आता हवं तेव्हा माझ्याकडे या. अण्णा एकदा निघाले. फास्ट लेनमध्ये शिरले, काट्यावर एकशे ऐंशी बघितलं आणि त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागची गाडी घासून गेली, तिच्यातलं लहान लेकरू कितीतरी वेळ रडत होतं. कुणाला फारसं लागलं नाही, पण अण्णांनी किल्ली खुंटीला लावली. वर्षभर ते लेकीकडे फिरकले नाहीत. रेल्वेनं या म्हटलं तर नको, तिनं न्यायला येते म्हटलं तरी नको. फोनवर बोलताना आवाज असा यायचा की हे घरात बसून बसून एक दिवस संपतील, असं प्रणिताला वाटू लागलं.

आणि तिच्याच विभागात नेमकं या दुखण्यावर औषध तयार होत होतं.

गोष्ट साधी होती. फास्ट लेनला धोका बेफाम चालकांचा नव्हता, भित्र्यांचा होता. दोनशे दहानं धावणाऱ्या माळेत एकानं घाबरून पाय दाबला की मागचे वीस जण त्याच्यावर आदळणार. मग भिणाऱ्याची भीती कमी कशी करायची? माणसाला वेग असा थेट कळतच नाही. डोळ्यांसमोरून जवळच्या वस्तू किती झपाट्यानं सरकतात, कानात वारा किती घोंघावतो, अंग किती हादरतं, यावरून मेंदू अंदाज बांधतो आणि काट्याकडे बघून तो पक्का करतो. नव्या गाड्यांच्या काचा रस्त्याकडेचा कठडा पुसट करत, आवाज गिळून टाकत, हादरे तर लागूच देत नसत. उरला काटा. खास फास्ट लेनपुरता कायद्यात बदल झाला, आणि भित्र्या चालकाला काटा किंचित कमी दाखवू लागला. दोनशे दहाचे दोनशे. तरीही तो घाबरला तर पुढच्या फेरीत आणखी जरा कमी. कंपनीनं त्याला इंग्रजीत लांबलचक नाव ठेवलं होतं. विभागातली मराठी पोरं धीरकाटा म्हणायची. टोलनाक्यावर गाडी आपोआप थांबली की काटा पुन्हा खरा व्हायचा.

बंधन घातलेलं होतं. मागच्या फेरीपेक्षा चार टक्क्यांहून जास्त घट करायची नाही. ते बंधन प्रणितानंच लिहिलं होतं आणि स्वतःवर खूश झाली होती. अण्णांच्या गाडीत तिनं धीरकाटा गुपचूप चालू करून दिला. सांगितलं असतं तर त्यांनी गाडीला हातच लावला नसता.

औषध लागू पडलं. पहिले काही दिवस अण्णा गाडी ऑटोवर, म्हणजे तिची तिनंच चालावी अशी टाकून, देवाचं नाव घेत, डोळे अर्धे मिटून आले. मग हळूहळू चाक हातात घेऊ लागले. आठवड्यातून दोनदा येऊ लागले. येताना शेवग्याच्या शेंगा, ज्वारीचं पीठ, कधी गावरान अंडी. चेहऱ्यावर तजेला आला. शेजारणीला म्हणाले, आमच्या मुलीमुळे मी पुन्हा माणसांत आलो. प्रणिताला त्या दिवशी भरून आलं होतं.

दिवाळीनंतर ती चार दिवस मेहकरला राहिली आणि परत निघताना अण्णा म्हणाले, मीच सोडतो. बाप गाडी चालवतोय आणि आपण शेजारी बसलोय असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गावातून वेगमार्गापर्यंत जाताना त्यांनी दोन गतिरोधक जरा जोरातच उडवले. तिला मौज वाटली. म्हातारा खुलला म्हणायचा, असं तिच्या मनात आलं.

फास्ट लेनमध्ये शिरल्यावर ती सीट मागं टाकून पडली. दुपारचं ऊन होतं, आत गार होतं. अण्णा त्यांच्या जुन्या वाहकाची गोष्ट सांगत होते, की तो सुट्ट्या पैशांवरून आमदाराशी कसा भांडला. ती हसत होती. हसता हसता तिची नजर बाहेरच्या हिरव्या पाटीवर गेली. जालना, वीस किलोमीटर.

"अण्णा, जालना आलं इतक्यात?"

"रस्ता सरळ केला ना बाप्पा. वळणं काढली, अंतरच कमी झालं. सगळे तेच म्हणतात."

ती उठून बसली. काट्यावर ब्याऐंशी होते.

पहिल्यांदा तिला काही कळेचना. फास्ट लेनमध्ये ब्याऐंशीनं कुणी जाऊच शकत नाही. मागच्या गाड्यांनी कधीच चिरडलं असतं. पुढं तीस मीटरवर विजेवरचा दुधाचा टँकर होता, मागं निळी गाडी, आणि दोन्ही जिथल्या तिथं होत्या. तिनं फोनवर विभागाचं चाचणीचं ॲप उघडलं. खरा वेग दोनशे चौदा.

आणि मग, फार उशिरा, तिला स्वतःची चूक दिसली. मागच्या फेरीपेक्षा चार टक्के. पण मागची फेरी तरी कुठं खरी होती? ती तिच्या मागच्या फेरीपेक्षा चार टक्क्यांनी खोटी, ती तिच्याही मागच्या. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं हे वाढत गेलं होतं, फक्त उलट्या दिशेनं. गाडीला कळलं होतं की हा माणूस ऐंशीच्या आकड्यावर शांत होतो. पंचवीसएक फेऱ्यांत तिनं त्याला ऐंशीवर आणून ठेवलं होतं. एरवी भित्रे चालक दोनशे, एकशे नव्वदवर शांत होत, तिथंच घट थांबत असे. आयुष्यभर ऐंशीच्या पलीकडे न गेलेला एसटी ड्रायव्हर कुणाच्या हिशेबातच नव्हता.

ऑटोवर टाका, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीच बोलली. पुढं सहा किलोमीटरवर रस्त्याचं काम चालू आहे. सर्व गाड्यांनी ताशी ऐंशीवर यावं. कामाच्या टप्प्यात ऑटो बंद राहील, चालकांनी चाक हाती ठेवावं.

अण्णांनी काट्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "बघ, आपण आधीपासूनच ऐंशीवर. लोक उगाच धावतात."

प्रणितानं हिशेब केला. सहा किलोमीटर म्हणजे या वेगानं दीड मिनिटाहून थोडंच जास्त. पुढचा टँकर आता हळू होईल. अण्णा ब्रेक लावतील, पण ऐंशीच्या हिशेबानं लावतील. आणि थांबायला लागणारं अंतर काही वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अडीचपटीहून जास्त वेग म्हणजे जवळजवळ सातपट अंतर. ते पुढं नव्हतंच, पुढं टँकर होता.

सांगावं? अण्णा, तुम्ही दोनशे चौदानं चालला आहात. मागच्या वेळी एकशे ऐंशी बघून त्यांनी काय केलं होतं ते तिला आठवलं. मागची निळी गाडी तीस मीटरवर, तिच्या मागं आणखी कोण कोण. सांगितलं तर मागून मरण, नाही सांगितलं तर पुढून.

अण्णा वाहकाची गोष्ट पुढं सांगू लागले होते.

तिनं ॲपमध्ये आधी यंत्राचं शिकणं बंद केलं. मग काट्याचा खोटेपणा एक घर कमी केला. ब्याऐंशीचे सत्त्याऐंशी झाले. अण्णा बोलता बोलता थांबले, काट्याकडे बघितलं आणि पाय सैल सोडला. काटा ब्याऐंशीवर आला. खरा वेग दोनशेच्या आसपास. तिनं पुन्हा एक घर कमी केलं. पुन्हा त्यांचा पाय सैल झाला. आज पाय जड पडतोय, असं ते स्वतःशीच पुटपुटले. एकशे नव्वद. एकशे पंचाहत्तर. टँकरही हळू होत होता, मागची गाडीही. तिचा अंगठा घामानं काचेवरून घसरत होता. फक्त अंगठ्यावर लक्ष ठेवायचं, बापाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं.

एकशे पन्नासला अण्णा अडले. त्यांनी पाय सोडला नाही. बोटानं मीटरच्या काचेवर टकटक केलं, जसं जुन्या गाडीत करायचे.

"हा काटा बिघडला वाटतं. उगाच जास्त दाखवतोय. गाडी तर रांगायला लागली." आणि त्यांनी रेस दिली.

टँकरचे मागचे दिवे लाल झाले. प्रणितानं आणखी एक घर कमी केलं. काटा एकदम शंभरावर गेला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टँकरच्या पाठीवर रंगवलेली, दुधाची किटली धरलेली बाई मोठी होत चालली होती.

"अण्णा," ती म्हणाली, "मला मळमळतंय. उलटी होईल."

हे तिला कसं सुचलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. पण जे आकड्यानं झालं नाही ते त्या एका शब्दानं झालं. घाटाघाटांत हजारो प्रवाशांच्या उलट्या सांभाळलेला तो पाय आपोआप उचलला गेला, आणि ब्रेकवर असा अलगद टेकला की मागच्याला धक्का बसू नये आणि पुढच्याला भीती वाटू नये. पिशवी आहे का बघ, असं ते म्हणत होते. खिडकीकडे बघू नको, समोर लांब बघ. वेग उतरत गेला. एकशे वीस, शंभर, ऐंशी. टँकर आणि गाडी यांच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा उरली, आणि मग ती जागा वाढू लागली.

कामाच्या टप्प्यातून गाडी संथ गेली. पिवळ्या जाकिटातल्या बायका झेंडे हलवत होत्या. प्रणितानं काट्याचा उरलासुरला खोटेपणाही काढून टाकला. पुढच्याच फाट्याला उतरू, मला हवा पाहिजे, असं ती म्हणाली.

फाट्यावरून ते जुन्या रस्त्याला लागले. दुतर्फा वाहतूक, कडेला कापसाच्या गाड्या, अधूनमधून शाळेतून चालत येणारी पोरं. काटा आता पूर्ण खरा होता. तिनं दोनदा तपासलं. संपलं, असं तिला वाटलं. घरी गेल्यावर सगळं नीट सांगू, रडू, पाया पडू.

काटा ऐंशीवरून नव्वदवर गेला. मग शंभरावर.

"अण्णा, हळू."

"अगं, ही गाडी चालतच नाही. मघापासून सरपटतेय." एकशे दहा. एका सायकलवाल्यानं घाबरून सायकल मातीत उतरवली. "आणि काट्याचं म्हणशील तर तो बिघडलाय. काटा जास्तच दाखवतो, मी तुला लहानपणी सांगितलं नव्हतं का?"

त्यांच्या चेहऱ्यावर मस्ती नव्हती, बेफिकिरी नव्हती. भुवया शांत, खांदे सैल, दोन्ही हात चाकावर जिथं असायला हवेत तिथंच. बिल्ला मिळालेला तोच सावध माणूस ताशी एकशे पंचवीसनं कापसाच्या गाडीला वळसा घालत होता आणि त्याच्या मते तो चाळीस-पन्नासनं चालला होता. पंचवीसेक फेऱ्यांत त्या पुसट काचांनी आणि त्या खोट्या आकड्यानं त्यांच्या मेंदूतलं मापच बदलून टाकलं होतं. काटा तिनं ॲपमधून सुधारला. माणसाचं ॲप कुठून आणायचं?

मग ती बोलली. सगळं बोलली. गुपचूप चालू केलेला धीरकाटा, चार टक्के, दोनशे चौदा, टँकर. आधी ते हसले, थट्टा समजले. काटा कमी दाखवूच शकत नाही, कायदा आहे, म्हणाले. कायदा बदलला, अण्णा, आम्हीच बदलून घेतला, असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं. लेकीचा चेहरा बघून त्यांना खरं काय ते कळलं असावं. त्यांनी गाडी कडेला घेतली. थांबायला त्यांच्या अंदाजापेक्षा दुप्पट जागा लागली, आणि गाडी एका चिंचेच्या झाडापासून हातभर अंतरावर उभी राहिली. त्यांनी त्या झाडाकडे बघितलं.

"म्हणजे मी भीत नव्हतो, ते धाडस नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"लोक म्हणायचे वायाळ हुशार ड्रायव्हर. हुशार कुठला, मी भित्रा होतो. त्या भीतीवर मी माणसं घरी पोचवली, एकाचं नख मोडू दिलं नाही. माझ्याकडे दुसरं होतं काय?" त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "ती माझी होती, पोरी. मला न विचारता तू ती काढून घेतलीस."

तुम्ही घरात कुढत होता, मला तुम्ही हवे होता, असं काहीतरी ती रडत रडत म्हणाली. त्यांनी ते ऐकलं. पुसायला रुमाल दिला. मग विचारलं की भीती परत येते का. कुणाची परत आली का, तुमच्याकडे काही नोंद असेलच की. औषध लागू पडतं का एवढंच विभागानं तपासलं होतं. ते उतरतं का, हे कुणी बघितलंच नव्हतं. तिच्या ॲपमध्ये धीरकाटा लावलेल्या गाड्यांची यादी होती, हजारोंनी, आणि त्या क्षणी त्या रस्त्यावर होत्या. ज्यांची घट दोनशेवरच थांबली होती त्यांचंही माप थोडं ना थोडं सरकलेलंच असणार. कचेरीत फोन लावते, आज सगळ्या बंद करायला लावते, नोकरी गेली तरी चालेल, असं ती म्हणाली. अण्णांनी मान हलवली. ते कर आधी, म्हणाले. आणि किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. यापुढं मी चाकाला हात लावणार नाही. मी पायीच बरा.

हे ऐकून तिच्या जिवात जीव आला. आता निदान हे वाचले. तिनं कचेरीचा नंबर लावला आणि फोन कानाला धरून गाडीबाहेर आली.

रस्त्याच्या पलीकडे लिंबूसरबताची हातगाडी होती. तुझं पोट अजून ढवळत असेल, सरबत आणतो, असं म्हणत अण्णा उतरले. एवढं सगळं ऐकूनही त्यांना लेकीची मळमळ आठवत होती. फोनवर कुणीतरी हॅलो म्हणालं. प्रणितानं मान वळवली. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी नेहमीसारखं आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. उजवीकडून ऊस भरलेला ट्रक येत होता. त्याच्याकडे त्यांनी नीट, शांतपणे बघितलं, अंतराचा अंदाज घेतला आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

फोन कुठं पडला ते तिला कळलं नाही. तिनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून मागं ओढलं, दोघंही धुळीत पडले आणि ट्रक कर्कश हॉर्न वाजवत त्यांच्या पायांवरून वारा सोडून गेला. चार-दोन उसाची टिपरं रस्त्यावर घरंगळत राहिली. प्रणितानं त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं आणि तिला सोडताच येत नव्हतं.

अण्णांनी कोपराची माती झटकली. गेलेल्या ट्रककडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"का गं?" ते म्हणाले. "अजून किती लांब होता तो."